कमरेची गाठ, गालातला बार

१९४५ साली ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक लेख छापून आला. लिहिणारे दोघे: टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई. लोकांच्या चालीरीतींतून उपजणारे तीन कर्करोग त्यात नोंदवले होते. पहिला कमरेवरचा, धोतर घट्ट बांधणाऱ्या पुरुषांना होणारा. दुसरा टाळूचा, आंध्र किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाडी विडी उलटी, म्हणजे पेटतं टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्यांचा. तिसरा खालच्या ओठाच्या खोबणीतला, बिहारकडच्या खैनीवाल्यांचा.

धोतराची गोष्ट तशी साधी आहे. कापड रोज त्याच जागी आवळायचं, त्यावर दिवसभर शेतात वाकायचं. घाम, धूळ आणि कापडाची कड. तिथली कातडी आधी काळवंडते, मग पांढरट आणि राठ होते, चिरते. चीर भरते, पुन्हा उघडते. वीस-तीस वर्षं असं चाललं की एखाद्याच्या कमरेवर न भरणारं व्रण उभं राहतं आणि तपासणीत तो कर्करोग निघतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणकोशावरच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मिरात फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावरचा कर्करोगही डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. खानोलकरांनी हे सगळं एका माळेत ओवलं. माणूस काय नेसतो, काय चघळतो, कसा शेकतो हे कळलं, तर कर्करोग शरीरात कुठे निघेल याचा अंदाज बांधता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे धोतर गेलं, पँट आली, आणि पुरुषांमधला तो कर्करोग पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. त्यावर कुणी औषध शोधलं नव्हतं. नेसण बदलली, एवढंच. बायकांची मात्र तशी सुटका झाली नाही. २०२४ साली वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आयुष्यभर लुगड्याची किंवा परकराच्या नाडीची गाठ एकाच जागी घट्ट बसलेली, आणि तिथेच कर्करोग. वर्तमानपत्रांनी ‘पेटिकोट कॅन्सर’ असे मथळे दिले आणि आठवडाभर व्हॉट्सॲपवर नाड्यांची चर्चा झाली. हा कर्करोग अत्यंत विरळा आहे, हे त्या गदारोळात कुणाच्या कानी पडलं नाही.

आहार-विहार आणि कर्करोग हा विषय निघाला की आपल्याकडे नेमकं असंच होतं. नाडीला घाबरायचं, मायक्रोवेव्हला घाबरायचं, प्लॅस्टिकच्या डब्यातल्या पोळीला घाबरायचं. आणि जेवण झालं की बडीशेपेच्या ताटलीतली सुपारी उचलून तोंडात टाकायची.

*

भारतात २०२२ साली कर्करोगाचे अंदाजे १४ लाख नवे रुग्ण निघाले. त्यांत ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून जास्त, आणि पुरुषांमध्ये हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर. जगात फार थोड्या देशांत असं चित्र आहे. परळला टाटाच्या फाटकाबाहेरच्या पदपथावर अर्धा तास उभं राहिलं तरी आकडेवारीची गरज उरत नाही. नाकात नळी, गळ्याभोवती उपरणं किंवा ओढणी, एका गालाचा आकार बदललेला. सोबत फायली सांभाळणारी बायको, नाहीतर नोकरीतून रजा काढून आलेला मुलगा. जळगाव, बीड, गोरखपूर, दरभंगा. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली ते नशीबवान.

तंबाखू ही आपली वस्तू नव्हे. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आणली. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरहून परतला तेव्हा बादशहासाठी तंबाखू घेऊन गेला. तोवर दक्षिणेत ती रुजली होती. चारशे वर्षांत तिने आपल्याकडे जितके अवतार घेतले तितके क्वचितच कुठे घेतले असतील. विडी, चिलीम, तपकीर, तळहातावर चुन्याशी मळून गालात धरलेला बार, पानातली तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा आणि मशेरी. बार मळताना चुना का लागतो, असं कुणा शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, त्याशिवाय किक बसत नाही. रसायनशास्त्रही तेच सांगतं: चुन्याने तोंडातली अल्कता वाढते, त्यामुळे निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. सवय लावायचं काम निकोटिन करतं, कर्करोग प्रामुख्याने तंबाखू वाळवताना आणि आंबवताना तयार होणारी नायट्रोसामाइन्स करतात. बार जिथे धरला जातो त्याच जागी ती वर्षानुवर्षं मुरतात. म्हणून आपल्याकडे गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग एवढा, आणि जिथे नुसती सिगारेट आणि दारू चालते तिथे जिभेचा व घशाचा जास्त.

सुपारीकडे मात्र आपण फार मायेने पाहतो. ती पूजेत आहे, लग्नात आहे, गणपती म्हणूनही मांडली जाते. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र विकार पाहिला: गालाच्या आतली त्वचा पांढरी, ताठ, आणि तोंड पुरतं उघडेना. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याचं वर्णन इथल्या रुग्णांवरून केलं. आज त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतलं अरेकोलिन त्वचेखालच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं, आणि तिच्यातलं तांबं ते तंतू एकमेकांना घट्ट जखडतं. आधी तिखट झोंबू लागतं, मग शिट्टी वाजत नाही, मग घास मोठा घेता येत नाही. आपल्या हाताची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावतात का, हे दंतवैद्य पाहतात. दोनच मावली, एकच मावलं, की अडचण कळते. केरळात अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा त्यातल्या ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाला होता. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों इथल्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच दिला. तरी ‘तंबाखूमुक्त’ असं झळकवणारी सुपारीची पुडी शाळेजवळच्या टपरीवर लटकलेली असते, आणि आईबापही म्हणतात, तंबाखू तर नाही ना खात!

याचा एक मोठा हिशेब पुणे जिल्ह्यात झाला, आणि तो केला अणुविज्ञानासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात डोकावत होते. १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून त्यांनी १९७२ साली निष्कर्ष छापले. या वाटेवरचा पुढचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना त्यांनी वर्षामागून वर्ष भेटून, समजावून, चित्रपट दाखवून तंबाखू सोडायला सांगितलं. पाच वर्षांनी सोडणारे वाढले होते आणि तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचं, म्हणजे कर्करोगाच्या आधीच्या पायरीचं प्रमाण घटलं होतं. तोवर समज असा की खेड्यातल्या माणसाला सांगून काही उपयोग नाही. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही आकडेवारी आली आणि तो समज खोटा ठरला.

*

मशेरीवर वेगळं लिहायला हवं, कारण ती बायकांची आहे आणि म्हणून ती फारशी कुणाच्या नजरेत नसते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तो भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. भाजल्यामुळे जळकी रसायनं वाढतात, म्हणजे आधीच्या विषात भर. सकाळी तोंड धुताना एकदा असं म्हणतात, पण ती ‘एकदा’ची राहत नाही.

माणदेशातल्या एका आठवडी बाजारात पानं विकत घेणाऱ्या एका आजींशी मी बोलत होतो. कधीपासून लावता, असं विचारलं. “लगीन होऊन आले तवापासनं. सासू लावायची. दाढ दुखली म्हनून तिनं दिली. आता दाढ गेली, सासू गेली, मशेरी ऱ्हायली.” सोडावीशी वाटली नाही का? “सोडून बघितली की. परसाकडं हुईना. आन् डोकं धरतं.” शेजारच्या बाईने भर घातली: कामावर भूक मारते. रोजंदारीच्या बाईला दुपारी दोनपर्यंत जेवायची सवड नसते, आणि सकाळी पोटात गेलेला असतो कपभर चहा.

‘व्यसन’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ऐदी माणूस. मशेरीवाली बाई ऐदी नाही. तिच्या हातात दातांचा डॉक्टर नाही, वेळेवर जेवण नाही, पहाटे अंधारात उरकायच्या विधीसाठी घरात संडास नव्हता. या तिन्हींवर एकच स्वस्त उपाय तिला सासूने दिला. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती बंदी कशी लागणार?

त्याच सुमारास मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरत होते. प्रश्नावलीचा कागद नव्हता. हातात मावणारा छोटा संगणक होता, तोही नव्वदच्या दशकाच्या आरंभी. उच्च मध्यमवर्गीय इमारती त्यांनी वगळल्या, कारण वॉचमन आत सोडत नसत. पस्तिशीपुढच्या ९९,५९८ मुंबईकरांमध्ये तंबाखू वापरणारे पुरुष ६९.३ टक्के आणि स्त्रिया ५७.५ टक्के निघाल्या. बाईच्या तोंडात विडी-सिगारेट जवळपास नव्हतीच. होती ती मशेरी आणि पानतंबाखू. गिरणगावच्या चाळींतल्या, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या बायका. गाव सुटलं, चूल जाऊन स्टोव्ह आला, तवा तोच राहिला.

याच लोकांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. विडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. आणखी एक गोष्ट निघाली, ती आजच्या ‘वजन घटवा’च्या काळात विसरली जाते: या कष्टकरी मुंबईत मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते अतिकृश माणसांत. त्यांच्यात क्षयाने मरणारे बरेच होते.

*

गुटख्याने या सगळ्याचा वेग बदलला. पान लावायला वेळ लागतो, बार मळायला हात लागतात. पुडी दातांनी फाडली की काम झालं. महाराष्ट्राने २००२ साली गुटखाबंदी केली. सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली आणि ती अजून लागू आहे. व्यापाऱ्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली. गिऱ्हाईक दोन्ही घेऊन तोंडात मिसळतं. तरीही बंदी वाया गेली असं मी म्हणणार नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांत तंबाखू आढळली. त्याच्या सात वर्षं आधी हाच आकडा ३१.४ होता. मात्र धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४. ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी आपल्याकडे चुकीच्या भिंतीवर लावली आहे.

विदर्भात तर खर्ऱ्याचं राज्य. नागपुरात टपरीवर पाटीएवढ्या फळीवर प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जातो; घोटण्याचा तो खसखस आवाज चौकाचौकात ऐकू येतो. बँकेतला साहेब आणि त्याचा शिपाई एकाच फळीवरून खर्रा नेतात, अशी समता अन्यत्र दुर्मीळ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने २०१६पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालवला आहे. गावाने ठराव करायचा, बायकांनी दुकानांवर लक्ष ठेवायचं. तिथे दारूबंदीची लढाईही आधी गावांनीच लढली होती. एकेकट्या माणसाच्या निश्चयावर त्यांनी भिस्त ठेवली नाही.

दारूचं नाव आलंच आहे तर: १९८८ सालापासून ती ल्योंच्या संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन. तंबाखूच्या जोडीला दारू असली की धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ‘थोडी रेड वाइन हृदयाला चांगली’ म्हणणाऱ्यांनी कर्करोगाच्या डॉक्टरला विचारून पाहावं.

*

मुंबईत कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदवही १९६३ साली सुरू झाली, देशातली पहिली. डॉ. दाराब जस्सावाला यांची ती कामगिरी. गावाकडची पहिली नोंदवही १९८७ साली बार्शीत उघडली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. कार्यकर्ते गावोगाव फिरत, सरपंचाला, शिक्षकाला भेटत, कुणाच्या अंगावर गाठ आहे का, कुणाला अवेळी रक्तस्राव होतो का, याची चौकशी करत आणि संशय आला तर बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आणत. डॉ. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी वाढवलेलं हे काम.

बार्शीत कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या जवळपास निम्मं भरतं. हे ऐकलं की व्याख्यानांत लगेच टाळ्या पडतात: बघा, गावची हवा, गावची भाकरी! थोडं थांबावं. मुंबईत स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग पहिला. बार्शीत बराच काळ गर्भाशयमुखाचा. त्याचं कारण ताटात नाही. तो एका विषाणूच्या संसर्गामुळे होतो. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात या विषाणूची एकच चाचणी आयुष्यात एकदा केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास अर्ध्यावर आले. २००९ साली हे छापून आलं तेव्हा जगभरच्या धोरणकर्त्यांनी दखल घेतली. आज जिल्ह्याचं नाव बदललंय, पण ती चाचणी राज्यातल्या प्रत्येक बाईपर्यंत पोचलेली नाही. करडईच्या तेलाने किंवा गोमूत्राने हे साधणार नव्हतं.

आणि स्तनाचा कर्करोग? ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची बेरीज सांगते की प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या प्रत्येक वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी घटतो. बार्शीच्या शेतमजूर बाईला चार-पाच मुलं, प्रत्येकाला दोन वर्षं अंगावर पाजलेलं. ठाण्याच्या बँकेतल्या बाईला तिशीनंतर एक मूल, सहा महिन्यांत पुन्हा कामावर. हा फरक ‘बदललेल्या जीवनशैली’चाच. पण मुलगी शिकली, कमावती झाली, मूल कधी व्हावं हे ठरवू लागली, यालाही जीवनशैलीच म्हणायचं. कीर्तनकार बुवा किंवा नैसर्गिक उपचारवाले जेव्हा व्यासपीठावरून आधुनिक स्त्रीच्या नावाने बोटं मोडतात, तेव्हा ही आकडेवारी त्यांच्या हाती सोयीने लागलेली असते. त्यांना विचारावं, मग काय, सोळाव्या वर्षी लग्नं लावायची? या बाईसाठी करण्यासारखं दुसरं बरंच आहे. पाळी गेल्यानंतर वजन आटोक्यात ठेवणं, दारू टाळणं, चालणं. आणि नोकरीच्या जागी बाळाला दूध पाजायची सोय व पुरेशी रजा. यातलं शेवटचं तिच्या हातात नाही.

*

आता ताट. इथे गोंधळ सर्वांत जास्त, कारण इथे प्रत्येकजण तज्ज्ञ. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या कर्करोगमृत्यूंचा हिशेब मांडला. तंबाखूच्या खाती ३० टक्के, आहाराच्या खाती ३५. हा पस्तीसचा आकडा तेव्हापासून जगभर फिरतो आहे. लेखकांनी त्यापुढे लिहिलेला पल्ला मात्र कुणी सांगत नाही: किमान १०, कमाल ७०. तंबाखूबद्दल त्यांना खात्री होती, आहाराबद्दल अदमास.

अदमासाला आधार होता. जपानमधून हवाईला गेलेल्या लोकांत जठराचा कर्करोग घटला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. रक्त तेच, ताट बदललं. डेनिस बर्किट या युगांडात काम केलेल्या शल्यविशारदाने चोथ्याकडे लक्ष वेधलं. आज एवढं बऱ्यापैकी पक्कं आहे की रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी कमी असतो. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत तेवढं पीठ सहज जातं. सोलापूरकरांनी यावर मिशीला पीळ द्यायला हरकत नाही. मात्र सोलापुरातही आता लग्नात पुरी आणि रोज चपाती, भाकरी हॉटेलात ‘स्पेशल थाळी’त.

२०१५ साली ल्योंच्या संस्थेने हॅम, सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात, म्हणून मथळे आले: सॉसेज सिगारेटइतकंच घातक. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढतो. भारतात हा कर्करोग मुळात पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी. लहान संख्येचे अठरा टक्के लहानच राहतात. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाचा धोका मात्र कित्येक पटींनी वाढतो. शाकाहारी घरात सॉसेजची बातमी समाधानाने वाचत बाबा पान लावत बसलेत, हे चित्र मी काल्पनिक म्हणून लिहीत नाही.

गोळीतून आरोग्य विकत घेणाऱ्यांसाठी फिनलंडची हकिगत सांगायला हवी. गाजर, पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं दिसलं होतं. त्यातलं बीटा कॅरोटीन वेगळं काढून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला: काहींना बीटा कॅरोटीन, काहींना नुसती दिखाऊ गोळी. १९९४ साली निकाल लागला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. दोन वर्षांनी अमेरिकेतला असाच प्रयोग आकडा २८ टक्क्यांवर गेल्यामुळे मुदतीआधी थांबवावा लागला. गाजरात गुण आहे, पण तो गाजरातून काढून बाटलीत भरता येईलच असं नाही. हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी इथे क्षणभर रेंगाळावं. कुरकुमिन रक्तात फारच थोडं उतरतं.

*

कर्करोगावरून मधुमेह आणि हृदयविकाराकडे आलं की तंबाखूइतकाच दोष पोटाच्या घेराकडे जातो. मराठी माणसाला या विषयाची ओढ लावली ती डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ने. गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन जेवणांनी घरोघर घड्याळं लावायला लावली. दिवाणखान्यात दोन जेवणांचा पक्ष आणि दर दोन तासांनी खाण्याचा पक्ष समोरासमोर बसून भांडले, शेव-चिवड्याची बशी मध्ये ठेवून. दोन्हींकडचे काहीजण बारीक झाले; कुठलीही शिस्त लागली की अवांतर खाणं सुटतं, हे मला त्यामागचं मोठं कारण वाटतं. देशातल्या ताटात कर्बोदकांचा वाटा साठ टक्क्यांच्या वर आहे, तो मात्र दोन्ही पक्षांच्या भांडणात जसाच्या तसा.

२०२३ साली छापलेल्या राष्ट्रीय अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही मोजले. सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के. यामागे काय, हे ‘गोड खातो, चालत नाही’ एवढ्यात संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. खाली त्यांनी मिस्कीलपणे लिहिलं की एकजण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठण्यापुरती. पण त्यात आणखी एक नोंद होती: याज्ञिक जन्मले तेव्हा वजनाला कमी होते.

१९९३पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या, बहुतांशी शाकाहारी, सडसडीत बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं प्रत्येक मापात लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव फारच कमी, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. हाडकुळं पण आतून चरबीचं बाळ. आईच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जितकं जास्त, तितकं बाळ भरलेलं. गरोदरपणातले जड कष्ट जितके जास्त, तितकं लहान. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच चरबी जास्त आणि इन्सुलिनची ताकद कमी दिसली.

हॉलंडमध्ये १९४४-४५च्या उपासमारीत पोटात असलेल्या बाळांची साखर पन्नाशीत बिघडलेली आढळली होती. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ आठवतो तो सुकडी, तांबडी मिलो आणि खडी फोडणाऱ्या गरोदर बायांमुळे. त्या पोटातली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्याला आली, दुचाकीवर बसली, सकाळ-संध्याकाळ साखरेचा चहा आणि सायंकाळी वडापाव. कमी अन्नासाठी घडलेल्या शरीराला भरपूर अन्न मिळालं. त्यांना फॅमिली डॉक्टर म्हणतो, “तोंडावर ताबा ठेवा, काका.” ताबा ठेवायला हवाच. पण काकांचा मधुमेह केवळ जिभेच्या हट्टातून आलेला नाही, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं तर ते पुढच्या वेळी तपासणीला लाजणार नाहीत.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतली बाळं मोठी झाली. २०१२ साली त्यांच्यातल्याच किशोरवयीन मुलामुलींना घेऊन याज्ञिकांच्या चमूने पुढचा प्रयोग सुरू केला. काहींना रोज बी-१२चे दोन मायक्रोग्रॅम, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, काहींना नुसती दिखाऊ गोळी. मुलींनी ती लग्नाआधीपासून घ्यायला सुरुवात केली आणि पहिलं बाळंतपण होईपर्यंत चालू ठेवायची असं ठरलं होतं. तपासायचं होतं ते त्यांना होणाऱ्या बाळांना.